एका थरात अनेक वायू : दगडी कोळशातील मिश्र अधिशोषणाचा आढावा

अमेरिकेत न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो या राज्यांच्या सीमेवर सॅन हुआन नावाचे खोरे आहे. तिथल्या फ्रुटलँड शैलसमूहातील कोळशाच्या थरांमधून अनेक वर्षे मिथेन काढला जात आहे. या विहिरींची एक गोष्ट तिथल्या अभियंत्यांच्या लवकर लक्षात आली. विहीर जुनी होते, थरातला दाब उतरत जातो, आणि बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडचा वाटा वाढू लागतो. जमिनीखाली नवा कार्बन डायऑक्साइड तयार होत नसतो. तो आधीपासूनच थरात असतो, पण कोळशाने त्याला मिथेनपेक्षा घट्ट धरलेले असते. म्हणून मिथेन आधी निघून जातो आणि कार्बन डायऑक्साइड मागाहून.

दोन किंवा अधिक वायू एकत्र असताना कोळसा त्यांतला कोणता धरतो, किती धरतो आणि कोणत्या क्रमाने सोडतो, असा हा प्रश्न आहे. त्याच्याशी तीन वेगवेगळ्या वर्तुळांतल्या लोकांचा संबंध येतो. खाणीत काम करणाऱ्यांना वायूचा अचानक स्फोटक उद्रेक टाळायचा असतो. थरातला मिथेन इंधन म्हणून काढणाऱ्यांना उत्पादनाचा अंदाज हवा असतो. आणि गेल्या तीसेक वर्षांत हवामानबदलाच्या चिंतेतून तिसरे वर्तुळ आले आहे. त्यांना कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड न खणता येण्याजोग्या खोल थरांत कोंडायचा आहे आणि जमल्यास त्याच धक्क्याने मिथेनही मिळवायचा आहे. तिघांचा कोळसा एकच आहे. गणिते मात्र प्रत्येकाने आपापल्या सोयीची वापरली आहेत.

पार्श्वभूमी

खाणकामगारांना हा विषय प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक होता. इंग्लंडमधल्या खाणींत पेट घेणाऱ्या वायूला फायरडॅम्प म्हणत आणि दिवा विझवणाऱ्या वायूला ब्लॅकडॅम्प. पहिल्यात मुख्यतः मिथेन असे, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये जाळीचा सुरक्षित दिवा बनवला तो फायरडॅम्पच्या भीतीपोटी. हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की स्फोटाला ठिणगी पुरते.

घन पदार्थ वायू धरून ठेवतात हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेले आणि फोंताना यांनी लाकडी कोळशावर दाखवले होते. थिओडोर द सोस्यूर याने १८१४ च्या सुमारास वेगवेगळे वायू पद्धतशीर तपासले. जो वायू सहज द्रवरूप होतो तो कोळशात जास्त मुरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. दोनशे वर्षांनंतरही या विषयातला पहिला ढोबळ नियम हाच आहे. वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटणे आणि पदार्थाच्या अंतरंगात विरघळणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. पहिलीसाठी अधिशोषण ही संज्ञा आहे. युरोपीय भाषांत ती १८८१ मध्ये हाइनरिख कायझरने रूढ केली. दगडी कोळशाच्या बाबतीत या दोन क्रिया खरोखर वेगळ्या काढता येतात का, या शंकेकडे पुढे वळावेच लागेल.

अर्विंग लँगम्यूरचे १९१६ ते १९१८ मधले निबंध हा पुढचा टप्पा. त्याची कल्पना अगदी साधी होती. पृष्ठभागावर ठराविक, एकसारख्या जागा असतात. प्रत्येक जागेवर एकच रेणू बसतो. शेजाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. या गृहीतकांतून दाब आणि धरलेला वायू यांचे जे सूत्र निघते, त्यात दोनच आकडे लागतात. एक जास्तीत जास्त क्षमता सांगतो, दुसरा ओढ किती तीव्र आहे ते. पृष्ठरसायनातील कामासाठी लँगम्यूरला १९३२ चे नोबेल मिळाले. कोळशाच्या पृष्ठभागावरच्या जागा मुळीच एकसारख्या नाहीत हे सर्वांना मान्य आहे. तरीही कोळशाच्या थरातील मिथेनच्या प्रत्येक अहवालात आजही लँगम्यूरचे दोन आकडे असतात. सोपेपणापुढे अचूकतेचे फारसे चालत नाही.

कोळसा हा किती विचित्र पदार्थ आहे हे त्याचे पृष्ठफळ मोजताना कळले. उणे १९६ अंश सेल्सियसला नायट्रोजन वापरून मोजले तर एका ग्रॅम कोळशाचे पृष्ठफळ अनेकदा काही चौरस मीटरच भरते. तोच कोळसा शून्य अंशाच्या आसपास कार्बन डायऑक्साइडने मोजला की आकडा शंभर-दोनशे चौरस मीटरवर जातो. कोळशातली बहुतेक रंध्रे रेणूच्या मापाचीच असतात. अतिशीत तापमानाला नायट्रोजनच्या रेणूंना त्यांच्या अरुंद तोंडांतून शिरायला पुरेशी ऊर्जाच मिळत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३३ नॅनोमीटरचा, नायट्रोजनचा ०.३६ चा आणि मिथेनचा ०.३८ चा धरला जातो. फरक दिसायला किरकोळ आहे, पण तेवढ्यावर दार उघडते किंवा बंद राहते.

एकेकट्या वायूंचे वर्तन

मिश्रणाकडे जाण्याआधी सुट्या वायूंबद्दल जे बऱ्यापैकी ठरले आहे ते असे. त्याच कोळशावर, त्याच दाबाला आणि तापमानाला, नायट्रोजन एक भाग धरला गेला तर मिथेन साधारण दोन भाग आणि कार्बन डायऑक्साइड चार भाग धरला जातो. एकास दोनास चार हे प्रमाण या क्षेत्रात पाठ असते. मध्यम परिपक्व बिटुमिनस कोळशाला ते बरे लागू पडते. लिग्नाइट आणि सबबिटुमिनस अशा कमी परिपक्व कोळशांत मात्र कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांचे प्रमाण दहास एकपर्यंतही गेलेले आढळले आहे. अशा कोळशात ऑक्सिजन असलेले रासायनिक गट जास्त असतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतल्या विद्युतभाराच्या विषम वाटणीमुळे त्यांच्याशी त्याची जवळीक जास्त असते.

या क्रमामागे सोस्यूरचा नियम आहे. ज्या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी वायू द्रव होत नाही ते क्रांतिक तापमान कार्बन डायऑक्साइडसाठी ३१ अंश सेल्सियस आहे. मिथेनसाठी ते उणे ८३ च्या जवळ आहे आणि नायट्रोजनसाठी उणे १४७. खोल थराच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपाच्या उंबरठ्यावर असतो, बाकीचे दोघे त्यापासून फार दूर. पुढच्या अडचणींचे मूळही याच उंबरठ्यात आहे.

पाणी हा चौथा स्पर्धक. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील जूबेर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले की ओलावा वाढत गेला की कोळशाची मिथेन धरण्याची क्षमता घटते. पण ही घट एका मर्यादेपर्यंतच होते. त्या मर्यादेपुढचे पाणी भेगांत मोकळे राहते आणि जागा अडवत नाही. म्हणून आता नमुने बहुधा ओलाव्याशी समतोल साधूनच तपासले जातात. कोरड्या कोळशावरचे जुने आकडे मात्र संदर्भसाहित्यात अजून फिरत आहेत आणि ते थरातल्या स्थितीला सरळ लावणे धोक्याचे आहे.

मिश्रणाची गणिते

मिश्रणाबद्दल वाद नेमका कशाचा आहे? एकेका वायूची मोजमापे हाताशी असताना त्यांच्या मिश्रणाचे वर्तन प्रयोग न करता सांगता येईल का, हा मुद्दा आहे. हो म्हणणाऱ्यांमध्ये तीन घराणी दिसतात.

सर्वांत जुने घराणे लँगम्यूरच्या सूत्राचा विस्तार करणाऱ्यांचे. मार्कहॅम आणि बेंटन यांनी १९३१ मध्ये सिलिकावरच्या वायुमिश्रणासाठी हे सूत्र मांडले आणि १९९२ मध्ये आरी, यी व सहकाऱ्यांनी ते कोळशाच्या थरातील मिथेन उत्पादनाच्या गणितात आणले. सर्व वायू त्याच जागांसाठी चढाओढ करतात, एकाने अडवलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही, एवढेच यात गृहीत आहे. समजा कार्बन डायऑक्साइडची क्षमता मिथेनच्या दुप्पट आहे आणि ओढही दुप्पट. मग त्याचा वरचढपणा चारपट. मोकळ्या वायूत १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९० टक्के मिथेन असेल, तर कोळशाने धरलेल्या वायूत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ टक्के निघतो. दाब उतरवला की जो वायू सुटतो त्यात मिथेनचा भरणा असतो आणि मागे उरलेला साठा कार्बन डायऑक्साइडने अधिकाधिक श्रीमंत होत जातो. सॅन हुआनच्या विहिरींचे वर्तन यातून पुष्कळ अंशी कळते आणि उत्पादनाच्या संगणकी प्रतिरूपांत हे सूत्र अजून टिकून आहे ते याचमुळे.

त्याचा दोष दुहेरी आहे. पहिला सैद्धांतिक : दोन्ही वायूंच्या कमाल क्षमता सारख्या नसतील तर हे सूत्र उष्मागतिकीच्या नियमांशी विसंगत ठरते, आणि कोळशात त्या सारख्या नसतात. दुसरा व्यवहारातला. सूत्रानुसार चारपटीचा वरचढपणा दाब किंवा मिश्रणाचे प्रमाण काहीही असले तरी चारपटच राहतो. क्लार्कसन आणि बस्टिन यांचा २००० मधला अभ्यास आणि इतरांची मोजमापे पाहिली तर तो बदलतो. बहुतेक कोळशांत दाब वाढला की कार्बन डायऑक्साइडचा वरचढपणा कमी होतो.

दुसरे घराणे मायर्स आणि प्राउस्निट्झ यांच्या १९६५ मधल्या आदर्श अधिशोषित द्रावणाच्या सिद्धांताचे. यात धरलेल्या वायूंच्या थराला एक आदर्श द्रावण मानतात आणि प्रत्येक वायूची तुलना समान दाबाला न करता पृष्ठभागावरच्या समान प्रसरणदाबाला करतात. उष्मागतिकीच्या दृष्टीने हे निर्दोष आहे आणि त्यासाठी मिश्रणाचे एकही मोजमाप लागत नाही. स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट क्लिफ खाणीच्या बुली थरावर दोन आणि तीन वायूंची मिश्रणे तपासली तेव्हापासून हा सिद्धांत कोळशाच्या चर्चेत आहे. अडचण अशी की तो सुट्या वायूंच्या वक्रावर फार विसंबतो. अगदी कमी दाबाचा भाग नीट मोजलेला नसेल तर चूक पुढे साठत जाते. शिवाय नायट्रोजनसारख्या कमी धरल्या जाणाऱ्या वायूचा वक्र जिथे मोजलाच गेला नाही अशा उंच दाबापर्यंत कल्पनेने लांबवावा लागतो. तोच वक्र लँगम्यूरच्या सूत्राने लांबवा किंवा रंध्रे भरत जातात असे मानणाऱ्या दुबिनिनच्या सूत्राने, उत्तरे वेगवेगळी येतात.

तिसरे घराणे रंध्रांच्या भिंतींपासून सुरुवात करते. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील गासेम आणि रॉबिन्सन यांच्या गटाने रंध्राला दोन समांतर भिंतींमधली फट मानले आणि त्या फटीत जागोजागी वायूची घनता काढणारे प्रतिरूप विकसित केले. त्याच विद्यापीठात फ्रुटलँडच्या ओल्या कोळशावर मिथेन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि त्यांच्या जोड्यांची जी मोजमापे झाली व १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली, ती आजही कसोटीचा दगड म्हणून वापरली जातात. पुढे रेणूंची संगणकावर लक्षावधी वेळा मांडामांड करणाऱ्या पद्धतीही आल्या. त्यांतून दिसते ते चित्र देखणे असते. फक्त पडद्यावरचा तो कोळसा कोणत्या खाणीतला, हे विचारले की चर्चा जरा मंदावते.

निष्पक्षपणे पाहिले तर तिन्ही घराणी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीत, मध्यम दाबाला, एकमेकांपासून फार दूर जात नाहीत. फाटाफूट होते ती उंच दाबाला, नायट्रोजन असताना, आणि मिश्रणात एखाद्या वायूचे प्रमाण अगदी थोडे असताना. प्रतिरूपांच्या तुलनेवर खर्च झालेली शाई पाहता माझे मत असे की या फरकांवर निवाडा देण्याइतकी मोजमापेच पक्की नव्हती.

मोजमापातली गोची

प्रयोगात कोळशाची भुकटी बंद पात्रात ठेवतात, ठाऊक असलेला वायू आत सोडतात आणि दाब किती उतरला यावरून कोळशाने किती वायू गिळला ते काढतात. किंवा नमुना तराजूला टांगून वजनातली वाढ मोजतात. पात्रातली मोकळी जागा किती हे आधी हेलियमने ठरवतात, कारण हेलियम कोळशाला चिकटत नाही असे मानले जाते. पण हेलियमचा रेणू इतका लहान की तो मिथेन पोहोचणार नाही अशा जागीही शिरतो. आणि कार्बन डायऑक्साइड आला की कोळसा फुगतो, म्हणजे मघाशी मोजलेली मोकळी जागा आता तेवढी उरलेली नसते.

त्यात भर म्हणजे प्रयोगातून हाती येते ते अतिरिक्त अधिशोषण, म्हणजे तेवढ्याच जागेत मोकळा वायू जितका मावला असता त्यापेक्षा जास्त धरलेला वायू. मिथेनसाठी हा भेद सौम्य राहतो. कार्बन डायऑक्साइडची घनता मात्र ७.४ मेगापास्कल या क्रांतिक दाबाच्या पुढे झपाट्याने वाढते आणि अतिरिक्त अधिशोषणाचा वक्र शिखर गाठून खाली येऊ लागतो. कोळसा वायू सोडत नसतो, ही हिशेबाची करामत असते. खरे मूल्य काढायला चिकटलेल्या थराची घनता लागते आणि ती कोणी प्रत्यक्ष मोजू शकलेले नाही. कोणी १.०३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरतो, कोणी १.१८. उंच दाबाला या निवडीवरच क्षमतेचा आकडा ठळकपणे हलतो.

मिश्रणात गुंता आणखी वाढतो. धरलेल्या वायूचे प्रमाण प्रत्यक्ष दिसत नाही. वरच्या मोकळ्या वायूचे पृथक्करण करून वजाबाकीने ते काढावे लागते. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढायचा म्हणजे मूळच्या किरकोळ चुका तिथे फुगून येणारच. समतोल यायला तासच नव्हे तर कधी दिवस लागतात. घाई केली की जलद शिरणारा कार्बन डायऑक्साइड अवाजवी पुढे दिसतो.

या शंका पडताळण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय ऊर्जा तंत्रज्ञान प्रयोगशाळेच्या पुढाकाराने निरनिराळ्या प्रयोगशाळांनी अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संग्रहातले तेच कोळसे तपासले. गुडमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कोरड्या आणि २००७ मध्ये ओल्या नमुन्यांचे निकाल मांडले. कमी दाबाला बरीच एकवाक्यता होती, उंच दाबाला आकडे पांगले. युरोपातल्या अशाच उपक्रमात आधी सक्रियित कार्बन घेतला गेला आणि तिथे आकडे छान जुळले. म्हणजे यंत्रे आणि हात ठीक होते. गडबड कोळशाच्या स्वभावात, विशेषतः त्याच्या ओलाव्यात आणि नमुना तयार करण्याच्या रीतीत होती. ही सगळी कसरत एकट्या कार्बन डायऑक्साइडसाठी होती. मिश्रणासाठी इतक्या तोलामोलाची सामूहिक पडताळणी अजून व्हायची आहे.

जर्मनीतल्या आखेन इथल्या गटाचा अनुभव या संदर्भात महत्त्वाचा आहे. बुश, क्रूस आणि सहकाऱ्यांनी २००३ आणि २००६ मध्ये मिश्रणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. बहुतेक कोळशांनी अपेक्षेप्रमाणे कार्बन डायऑक्साइडला पसंती दिली. पण काही कोळशांत कमी दाबाला मिथेनच जास्त धरला गेला. झुरिचच्या तंत्रविद्यापीठात पिनी, मात्सोत्ती आणि सहकाऱ्यांनी कोरड्या कोळशावर जी मोजमापे केली त्यांत कार्बन डायऑक्साइडची सरशी स्पष्ट होती. उलटा निकाल हा काही विशिष्ट कोळशांचा खरा गुण, की समतोलाआधीच थांबवलेल्या किंवा वजाबाकीत फसलेल्या मोजमापाचा अवशेष? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो आणि तो अजून मिटलेला नाही.

फुगणारा कोळसा

आतापर्यंत कोळशाला एक स्थिर चौकट मानले. जॉन लार्सन याने २००४ मधल्या आपल्या आढाव्यात या गृहीतकावरच बोट ठेवले. त्याच्या मते कोळसा हा आडव्या बंधांनी बांधलेला, ताणाखाली गोठलेला काचसदृश बहुवारिक आहे. कार्बन डायऑक्साइड त्याच्या पृष्ठभागावर बसून राहत नाही, तो आत विरघळतो, त्याला मऊ करतो आणि रेणूंच्या साखळ्यांना नव्याने मांडणी करू देतो. तसे असेल तर पहिल्यांदा वायू भरताना भेटलेला कोळसा आणि दुसऱ्यांदा भरतानाचा कोळसा हे दोन वेगळे पदार्थ ठरतात. अर्गॉनच्या नमुन्यांवर गुडमन आणि लार्सन यांनी अशा पुनर्रचनेचे पुरावेही मांडले.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील डे, फ्राय आणि साकुरोव्ह्स यांनी २००८ मध्ये वेगळे चित्र दाखवले. तिथल्या बिटुमिनस कोळशांचे आकारमान अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन टक्क्यांच्या आत फुगले आणि वायू काढून घेतल्यावर ते पूर्ववत झाले. फ्रान्समध्ये ब्रोशार, व्हँडाम आणि पेलेंक यांनी २०१२ मध्ये फुगणे आणि चढाओढीचे अधिशोषण एकाच गणितात बसवून दाखवले. तिथे विरघळणे वेगळे गृहीत धरण्याची गरज पडत नाही. रेणूच्या मापाच्या रंध्रात बसणे आणि घनात विरघळणे यांतली सीमारेषाच पुसट होते, असा यातून निघणारा अर्थ मला पटतो. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या भरणीतला फरक त्याने पूर्णपणे उलगडत नाही.

फुगण्याचा व्यवहारातला परिणाम मात्र वादातीत आहे. थरात वायू वाहतो तो कोळशातल्या बारीक चिरांमधून. थर चहूबाजूंनी खडकांनी दाबलेला असल्याने फुगायला बाहेर जागा नसते. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत फुगते आणि फट बुजते, तशा या चिरा बुजतात. मिथेन निघून गेला की कोळसा आकसतो, चिरा रुंदावतात. कार्बन डायऑक्साइड शिरला की उलटे. नायट्रोजन मिथेनपेक्षाही कमी फुगवतो. म्हणून मिश्रणात कोण किती बसले यावरच वाट उघडी राहते की बंद होते हे ठरते.

विहिरींवरचे अनुभव

सॅन हुआन खोऱ्यातील ॲलिसन क्षेत्रात बर्लिंग्टन रिसोर्सेस कंपनीने १९९५ ते २००१ या काळात ४ विहिरींतून कार्बन डायऑक्साइड आत सोडला आणि १६ विहिरींतून मिथेन घेतला. सोडलेला वायू बराचसा थरातच राहिला. पण आत सोडण्याचा वेग पहिल्या काळात घटला आणि पुढे थोडा सावरला. शेजारच्या टिफनी क्षेत्रात १९९८ पासून नायट्रोजन सोडला गेला. तिथे मिथेनचे उत्पादन झटकन कित्येक पटींनी वाढले, मात्र नायट्रोजनही लवकरच उत्पादन विहिरींतून बाहेर येऊ लागला. दोन्ही निकाल सिद्धांताला धरून आहेत. कार्बन डायऑक्साइड मिथेनला जागेवरून उठवतो आणि त्याची आघाडी सावकाश, स्पष्ट रेघेने सरकते. नायट्रोजन मोकळ्या वायूतला मिथेनचा वाटा पातळ करतो, त्यामुळे मिथेन आपणहून सुटतो.

पोलंडमधल्या अप्पर सायलेशियातील रेकोपोल प्रकल्पात २००४-०५ मध्ये सुमारे ७६० टन कार्बन डायऑक्साइड आत गेला, तोही थराला कृत्रिम भेगा पाडल्यावर. जपानच्या होक्काइदो बेटावर युबारी इथे २००४ ते २००७ दरम्यान सुमारे ८८४ टन गेला. तिथे २००६ मध्ये मध्येच नायट्रोजन सोडून पाहिला तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेण्याचा वेग वाढला, पण तो टिकला नाही. चीनच्या छिनश्वे खोऱ्यात २००४ मध्ये एका विहिरीत १९२ टनांची चाचणी झाली. एका मध्यम औष्णिक केंद्राचे उत्सर्जन वर्षाला लाखो टनांत असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे प्रमाण कळते. कॅनडातल्या आल्बर्टात धुराड्यातल्या वायूसारखे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रणच थरात सोडून पाहिले गेले. शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचा खर्च वाचतो आणि नायट्रोजन चिरा उघड्या ठेवतो, हे त्याच्या बाजूने. पण मग मिथेन नायट्रोजनने भेसळ होऊन येतो आणि तो शुद्ध करण्याचा खर्च दुसऱ्या टोकाला उभा राहतो.

खाण-सुरक्षेच्या वर्तुळात मिश्रणाचा प्रश्न याहून तातडीचा आहे. सिडनी खोऱ्यातल्या बुली थरात काही ठिकाणी जवळजवळ शुद्ध मिथेन, काही ठिकाणी जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड आणि मधे सगळी मिश्रणे आढळतात. उद्रेकाचा धोका मानण्याची वायूच्या प्रमाणाची मर्यादा तिथे कार्बन डायऑक्साइडसाठी मिथेनपेक्षा खाली ठेवलेली आहे. मधल्या मिश्रणासाठी दोन टोकांमधली सरळ रेघ ओढतात. कोळशाचे वर्तन सरळ रेघेत नसते हे वरच्या सर्व मोजमापांतून दिसते. तरी नियमावलीला काहीतरी आकडा लागतोच आणि सावधपणाच्या बाजूने झुकलेला आकडा वाईट नाही.

भारतातला कोळसा

भारतातला बहुतेक सर्व कोळसा गोंडवना काळातला आहे आणि वर उल्लेखलेले बहुतेक अभ्यास उत्तर अमेरिका व युरोपातल्या कार्बनी किंवा क्रिटेशस काळातल्या कोळशांवरचे आहेत. आपल्या कोळशात राख बरीच, ३० ते ४० टक्केही, आणि इनर्टिनाइट या घटकाचे प्रमाण जास्त. राख जागा अडवते पण वायू फारसा धरत नाही. म्हणून परदेशी सूत्रांतले आकडे उचलून लावणे चालत नाही. थरातील मिथेनसाठी सरकारचे धोरण १९९७ मध्ये आले. राणीगंजमध्ये ग्रेट ईस्टर्न एनर्जीने २००७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू केले, मध्य प्रदेशातल्या सोहागपूरमध्ये रिलायन्सने २०१७ मध्ये.

महाराष्ट्रात वर्धा खोरे, उमरेड आणि कामठी इथला कोळसा कमी परिपक्व आणि बराचसा उथळ आहे. मिथेनच्या दृष्टीने त्याला झरिया किंवा राणीगंजचे मोल नाही. पण कमी परिपक्व कोळसाच मिथेनच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइडला अधिक ओढतो आणि चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र त्याच पट्ट्यात आहे. कागदावर जोडी जुळते. प्रत्यक्षात खणता येण्याजोग्या थरात कार्बन डायऑक्साइड भरला की तो थर खाणकामाला कायमचा बाद होतो. त्यामुळे विचार करायचा तो खोल, सोडून दिलेल्या थरांचाच, आणि अशा थरांवरची मिश्रणाची मोजमापे हीच पहिली गरज आहे. मुंबईच्या आयआयटीत भारतीय कोळशातील कार्बन डायऑक्साइडच्या वहनावर आणि फुगण्यावर काम झाले आहे, आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कार्बन पकडून वापरण्याचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रही तिथे आहे. या कामाला खाणनिहाय नमुन्यांची जोड मिळाली तर गोंडवनाच्या कोळशाचे स्वतःचे आकडे उभे राहतील.

काय ठरलेले नाही

सर्वांत मोठी पोकळी आहे ती तीन वायू आणि पाणी यांच्या एकत्र मोजमापाची. दोन वायूंच्या जोड्यांवरून तिघांचे वर्तन काढतात आणि पाण्याला पार्श्वभूमीतला स्थिर घटक मानतात. उंच दाबाचा कार्बन डायऑक्साइड ओल्या कोळशातले पाणी काही अंशी बाहेर काढतो असे संकेत आहेत. तसे असेल तर पाणी स्थिर मानता येणार नाही आणि बरीच प्रतिरूपे पुन्हा तपासावी लागतील.

दुसरा प्रश्न परतीच्या वाटेचा. वायू भरताना आणि काढताना वक्र सारखे येत नाहीत. काढतानाचा वक्र वर राहतो. हा कोळशाचा गुण, की अपुऱ्या वेळेचा? साठवणुकीसाठी तो गुण असेल तर चांगलेच, कारण दाब उतरला तरी वायू अडकून राहील. मिथेन काढणाऱ्याला तोच नुकसानीचा. मिश्रणात हा मागे रेंगाळण्याचा प्रकार प्रत्येक वायूसाठी वेगळा असतो का, यावर प्रयोग थोडे आहेत.

तिसरा प्रश्न भुकटीचा. जवळपास सर्व समतोल मोजमापे एक मिलिमीटरपेक्षा बारीक दाण्यांवर, बाहेरून कोणताही खडकदाब न देता झाली आहेत. दाबाखालच्या अखंड ठोकळ्यात फुगायला जागा कमी मिळते, म्हणून तो वायूही कमी धरेल असे सिद्धांत सांगतो. किती कमी, आणि फुगवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा वरचढपणा त्यामुळे घटतो का, यावर सिद्धांतकारांत एकमत नाही आणि अखंड गाभ्यावरचे मिश्रणाचे प्रयोग एका-एका नमुन्याला महिनोन्‌महिने घेतात.

धुराड्यातल्या वायूत शिवाय थोडा ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडेही असतात. सल्फर डायऑक्साइड कार्बन डायऑक्साइडपेक्षाही सहज द्रवरूप होतो, तेव्हा सोस्यूरच्या नियमाने तो अगदी थोडा असला तरी कोळशात सर्वांत पुढची जागा पटकावेल. ऑक्सिजन कोळशाशी रासायनिक क्रिया करतो आणि तिथे अधिशोषणाचे कोणतेही सूत्र पुरे पडत नाही.